सतरा पाणवठ्यांवरची माफी

एका जंगलात एकदाच निवडणूक झाली. ती इतकी छान झाली, की पुन्हा घ्यायची कुणाला गरजच वाटली नाही. तेव्हापासून केसरमहाराज नावाचे सिंह मोठ्या शिळेवर बसून होते.

त्या जंगलात भिंगरी नावाची एक हरिणी राहायची. दर उन्हाळ्यात नदीपलीकडच्या रानाशी शर्यत लागे. जे रान जिंके, त्याचा उन्हाळाभर मोठा डोह. चार वर्षं भिंगरीने डोह राखला होता. पायांत आता एखाददुसरा उन्हाळा उरला आहे, हे तिचं तिला कळत होतं.

भिंगरीला विनोद करायची खोड होती. ती पोपटांच्या फांदीखाली जाऊन बोले आणि दिवस मावळायच्या आत ते जंगलभर होई. पोपटांना अर्थ कळत नसे, म्हणून त्यांचं काम फार झपाट्याने चाले.

एकदा ती म्हणाली, "चिचुंद्रीला माझ्या मागे पळवा. मी दुप्पट जोरात पळेन. जिंकायला नव्हे, वास चुकवायला!"

जंगल पोट धरून हसलं. चिचुंद्री तक्रार घेऊन प्रधान हांजीपंत कोल्ह्याकडे गेली.

"पंत, माझ्या पिल्लांशी कुणी खेळेना झालंय."

"अगं बाई, खेळाडू आहे ती. थोडं खेळकरपणे घे की! महाराजसुद्धा हसले."

"आणि पिल्लांचं काय?"

"त्यांना पळायला शिकव."

पुढच्या आठवड्यात भिंगरी म्हणाली, "आपले महाराज शर्यत कधीच जिंकायचे नाहीत. पळायला आधी शिळेवरून उठावं लागतं!"

दुसऱ्या दिवशी सभा भरली. रानडुकरं ओरडत होती, "भावना दुखावल्या! भावना दुखावल्या!"

"काय बोलली पण ती?" एका सांबराने विचारलं.

"ते ठाऊक नाही. दुखावल्यात एवढं नक्की."

महाराज शांतपणे म्हणाले, "आम्हाला स्वतःला विनोद फार आवडतो. पण जंगलाचा मान मोठा. भिंगरी सतराही पाणवठ्यांवर माफी मागेल. नाहीतर शर्यत विसरेल."

भिंगरीने मान खाली घातली. शर्यतीसाठी ती नाक घासायलाही तयार होती.

त्या जंगलात माफीची एक जुनी रीत होती. आधी केलेला अपराध शब्दन् शब्द बोलायचा, मग नाक मातीला टेकवायचं. मोघम माफी मागून कुणी सुटू नये, म्हणून पूर्वजांनी घालून दिलेली. घाईत हे कुणाच्या लक्षातच आलं नाही.

पहिल्या पाणवठ्यावर भिंगरी म्हणाली, "मी म्हणाले की महाराज शर्यत कधीच जिंकायचे नाहीत, कारण पळायला आधी शिळेवरून उठावं लागतं. चुकले." म्हशी पाण्यात लोळून हसल्या. पाचव्या पाणवठ्यावर कासवं हसली. नवव्यावर ती पोचायच्या आधीच गर्दी जमली होती.

"पहिल्यापासून माग गं माफी! मागच्यांना ऐकू येईना!"

हांजीपंत धापा टाकत आले. "रीत बदलली! अपराध सांगायचा नाही, नुसती माफी मागायची."

दहाव्या पाणवठ्यावर भिंगरी म्हणाली, "चुकले."

"कशात चुकलीस?"

"सांगायला मनाई आहे."

मग जो तो अंदाज बांधू लागला. एकेक अंदाज मूळ विनोदाहून भारी निघाला. तेव्हा हांजीपंतांनी बंदी घातलेल्या अंदाजांची यादी केली आणि पोपटांकडून ती जंगलभर वदवून घेतली.

सतरा पाणवठे झाले. भिंगरी शिळेपाशी येऊन उभी राहिली. "महाराज, माफी झाली. उद्या पळू ना?"

"जंगल अजून हसतंय," महाराज म्हणाले. "उद्या आम्हीच पळू. म्हणजे कायमची तोंडं बंद होतील."

शर्यतीच्या दिवशी महाराज उठायला गेले. त्यांनी शेजारी पाहिलं. हांजीपंत हात जोडून उभे होते, पण त्यांची नजर शिळेवर होती. महाराज पुन्हा बसले.

शेवटी आठ हत्तींनी महाराजांसकट शिळा उचलली. नदीपलीकडून एक गाढव आलं होतं. ते वाटेत दोनदा चरलं आणि जिंकलं. पोपटांनी जाहीर केलं, "इतिहासात प्रथमच! महाराजांनी जागा न सोडता शर्यत पूर्ण केली!"

डोह गेला. वैशाखात पाणवठे आटले. भिंगरीची जीभ टाळूला चिकटली तेव्हा ती कपारीतल्या लहानशा झऱ्यापाशी आली. तो चिचुंद्रीचा होता.

"पाणी पी," चिचुंद्री म्हणाली. "पण त्याआधी, मावशे, अठरावी राहिलीय. जुन्या रीतीची."

भिंगरीने वासाचा तो विनोद शब्दन् शब्द म्हटला. पिल्लं ऐकत होती. कुणीही हसलं नाही. मग तिने नाक मातीला टेकवलं आणि बराच वेळ ते वर उचललं नाही.

या माफीची दप्तरात नोंद नाही. भावना दुखावलेल्यांच्या सरकारी यादीत आजही एकच नाव आहे.