दातकोरणं आणि फौजदार

फौजदारकी संपली, तरी घोसाळकरसाहेबांची आरोपी शोधायची खोड गेली नव्हती. वॉशिंग मशिनचं पाणी जाईना, म्हणून मेकॅनिकने पंप उघडला. आत साहेबांचंच पितळी दातकोरणं अडकलेलं.

साहेब धुणंवाल्या शेवंताबाईंवर खेकसले, "खिसे तपासता येत नाहीत?"

"गेल्या महिन्यात तपासले, तर तुम्ही शेजाऱ्यांसमोर मला चोर म्हणालात. तेव्हापासून मी तुमच्या खिशाला हात लावत नाही."

"उलट बोलू नकोस. यापुढे मला न विचारता खिसे रिकामे करायचे."

शेवंताबाईंनी ओली पँट साहेबांच्याच हातात कोंबली.

"न विचारता दुसऱ्याचा खिसा रिकामा करणाऱ्याला तुम्ही तीस वर्षं बेड्या घातल्यात, साहेब. मी धुणंवाली आहे. तुमचे खिसे तुम्हीच बघा."