मारोयचा विस्तव

ही समोर दगडी भट्टी दिसते ना, ती एल्वहित्ता गावाच्याही आधीची. 'हित्ता' म्हणजे आमच्या स्वीडिश भाषेत भट्टीच. तिच्याभोवती गाव वसलं, मग कारखाना झाला, रेल्वे आली, कामगारांची लाल लाकडी घरं उभी राहिली. कारखाना बंद पडला, त्यालाही काळ लोटला. पण हिवाळ्याच्या तोंडावर आम्ही दरवर्षी ही भट्टी पेटवतो. पहिला निखारा गावात सगळ्यांत नव्यानं आलेल्या बिऱ्हाडाकडून मागून आणतो. तो आत टाकताना सारं गाव काही शब्द म्हणतं. त्यांचा अर्थ मात्र मला विचारू नका.

असं सांगतात, की भट्टी नवी होती तेव्हा उलूफ हा तिचा मुख्य होता. इथली जमीन खडकाळ, पीक थंडीनं जळून जायचं. लोखंड निघालं तरच बाहेरून धान्य येणार. म्हणून उलूफनं समुद्रापलीकडच्या वालून मुलखातून जिल नावाचा लोहार बोलावून आणला. सोबत त्याची बायको मारोय आणि तान्हं मूल. मारोयनं माहेरच्या चुलीतला विस्तव लोखंडी हंडीत, राखेखाली जपत, गलबतातून इथवर आणला होता म्हणे. त्यांची भाषा गावात कुणालाच कळत नव्हती.

त्या हिवाळ्यात भट्टी पेटायची आणि विझायची. लोखंड आतल्या आत थिजायचं. जिलनं कोळसा बदलला, भाते बदलले, काही उपयोग होईना. कुणी म्हणे डोंगर रागावला, कुणी म्हणे रानातली यक्षीण. मग कुणीतरी म्हणालं, ह्या परक्यांचं बोलणं ऐकूनच आग बिथरते. उलूफ माणूस वाईट नव्हता, असंच सगळे सांगतात. पण त्याची मती गुंग झाली होती, आणि उपाशी गाव दारात उभं होतं. एका सकाळी त्यानं जिलला गोठलेल्या तळ्याकडे बोट दाखवलं. म्हणाला, "जा." तेवढं समजायला भाषा लागत नाही.

मुलाला गाडीत ठेवून ती दोघं बर्फावरून गाडी ओढत निघाली. दुपारी पाहतात तो मारोय एकटीच परत येतेय. छातीशी शालीत काहीतरी घट्ट गुंडाळलेलं. लोक बाजूला झाले. ती सरळ भट्टीच्या तोंडाशी गेली आणि हातातलं शालीसकट आत लोटून दिलं.

"मूल टाकलं!" उलूफची आई किंचाळली. "अरे, मूल टाकलं तिनं!"

उलूफनं भट्टीत दोन्ही हात घातले. हाताला लागली ती तापलेली हंडी. ती कलंडली होती, आणि माहेरचा विस्तव कोळशावर सांडला होता.

तेव्हा मारोय उलूफच्या तोंडावर मोठ्यानं काहीतरी बोलली. मग वळली आणि तळ्याकडे चालू लागली. भट्टी भडकली ती पुढे हिवाळाभर विझली नाही. का, ते कुणालाच कळलं नाही.

भाजलेल्या हातांनी उलूफ तिच्यामागे धावला. तळ्यावर हिमवादळ उठलं होतं, गाडीच्या खुणा मिटल्या होत्या. ती माणसं पैलतीरी पोचली म्हणतात, नाही पोचली असंही म्हणतात. परत आल्यावर उलूफ ज्याला त्याला विचारत सुटला, "ती काय म्हणाली?" प्रत्येकाला वेगळंच ऐकू आलं होतं. त्यानं ते आवाज जुळवून जुळवून शब्द केले. आशीर्वाद होता की शाप, हे विचारता विचारताच तो म्हातारा झाला. मरताना त्यानं ही रीत पाळायचं वचन गावाकडून घेतलं.

मागं एक विद्वान बाई आल्या होत्या. त्यांनी शब्द कान देऊन ऐकले. म्हणाल्या, "'जळत राहा' असेल. किंवा 'जळून जा'."

गेल्या वर्षी निखारा लेतेब्रहानच्या घरचा होता. ती इरिट्रियाहून आलेली. तिनं मला विचारलं, "गुनवोर, ह्या शिव्या असल्या तर?"

"असल्या तर आमच्या वाट्याच्या," मी म्हणाले. "तू नको म्हणूस."

ती आमच्याकडे बघत राहिली, आणि तिनंही ते शब्द म्हटले.

आजही शब्द म्हणून झाले की कुणी हात जोडतो, कुणी मान खाली घालतो, आणि बरेचजण नुसतेच शेजाऱ्याकडे बघतात, तो काय करतोय ते पाहायला.