रबरीकाकूच्या हातचं पाणी

एकदा एका जुन्या परिचारिका विद्यालयाच्या आवारात एक वृद्ध मेट्रन राहत असत. सेवेतून त्या केव्हाच मोकळ्या झाल्या होत्या, पण अडल्यानडल्या मुली अजून त्यांचेच दार ठोठावत. चैत्रातल्या एका तापल्या संध्याकाळी त्यांची लाडकी शिष्या आली. परीक्षेत पोरगी कायम पहिली, म्हणून गुणवंत परिचारिकांच्या एका मानाच्या मंडळाने मुलाखत घेऊन तिला सभासद होण्याचे आमंत्रण दिले होते. होकार दुसऱ्या दिवशी कळवायचा होता.

“बाई, खरं सांगा,” ती म्हणाली, “मंडळात जाऊन पुढे काही फायदा होतो का? की नुसती सोनेरी पिन लावून मिरवायचं?”

“भिमाक्का कशी आहे?” मेट्रननी विचारले.

शिष्येची मान खाली गेली. भिमाक्का ही वॉर्डातली म्हातारी, अर्धांगवायूने वाचा गेलेली. पाणी घ्यायची ती या मुलीच्याच हातून. इतरांची घाई पाहिली की ओठ घट्ट मिटून घेई. उद्यापर्यंत तोंडाने काही गेले नाही तर नाकातून नळी घालावी लागेल, असे डॉक्टर सांगून गेले होते.

“मंडळाच्या मुलाखतीची तयारी होती ना, बाई. तिच्याकडे जायला जमलंच नाही.”

मेट्रन उठल्या. किल्ल्या घेऊन तिला त्यांनी सरावाच्या खोलीत नेले. तिथल्या खाटेवर माणसाएवढी रबरी बाहुली निजलेली असे. मुली तिला रबरीकाकू म्हणत. पाजणे, भरवणे, कूस बदलणे, सगळे आधी काकूवर शिकायचे आणि मग माणसावर. मेट्रननी काकूला उठवून स्टुलावर बसवले, डोक्यावर टोपी चढवली आणि पदराच्या गाठीतून एक झिजलेली सोनेरी पिन काढून तिच्या छातीवर लावली.

“अगंबाई! ही तर त्याच मंडळाची पिन! बाई, तुम्हीसुद्धा?”

“निज तिच्या जागी. तू आता भिमाक्का. बोलायचं नाही, हलायचं नाही. तहान लागली तर मनात माग. ही तुझी सिस्टर.” एवढे सांगून त्या बाहेर गेल्या आणि दाराला कडी लागली.

आता तुम्ही म्हणाल, म्हातारीला चळ लागला! शिष्येलाही तसेच वाटले. आधी तिला हसू आले. मग उकाड्याने घसा कोरडा पडला. उशाशी वाटी होती, चमचा होता. काकूचे काचेचे डोळे तिच्यावर रोखलेले होते. खिडकीतल्या उरल्यासुरल्या उजेडात पिन मात्र झकास चमकत होती. पाणी, तिने मनात म्हटले. पिन चमकत राहिली. हळूहळू तिन्हीसांजा झाल्या, काकूचा चेहरा गेला, मग पिनही दिसेनाशी झाली. समोर बसलेले ते काय आहे, याची तिला भयंकर भीती वाटू लागली. ओरडावे म्हटले तर जीभ उचलेना. तिने डोळे मिटून घेतले.

आणि खालच्या ओठाला चमचा टेकला.

गार होता. टेकला आणि थांबला. तिने ओठ उघडले तेव्हाच पाणी आत आले. घोट उतरेपर्यंत चमचा थांबून राहिला, मग पुन्हा टेकला. शिष्येच्या अंगावर सर्रकन काटा आला, कारण ही थांबण्याची रीत तिच्या ओळखीची होती.

खट्कन दिवा लागला. मेट्रन दारात उभ्या होत्या. काकू स्टुलावर, हात मांडीवर. चमचा ओला.

“बाई, तुम्ही आत आला होतात?”

“मी पायरीवर बसले होते गं. माझे गुडघे केवढे वाजतात! आले असते तर तुला कळलं नसतं?”

“मग पाणी कुणी पाजलं?”

मेट्रन तिच्याजवळ बसल्या. “पहिल्या वर्षी या काकूला पाणी कुणी पाजलं होतं? सगळ्या पोरी उरकून पळाल्या. तू एकटी तिचा घोट उतरायची वाट बघत बसलीस. रबराचा घोट! मला तेव्हा हसू आलं होतं. पोरी, पिन तिला आज लागली, हात तिला तू दिलास. मंडळात जा, जरूर जा. फायदा आहे, मी घेतलाय. नोकरीच्या जागी चार दारं उघडतात, शिकायला मिळतं, आणि अडलं की विचारायला जाणती माणसं भेटतात. पण पिन डोळे उघडे असणाऱ्याला दिसते. आपलं माणूस बहुधा डोळे मिटून पडलेलं असतं.”

शिष्या उठली ती थेट वॉर्डात गेली. भिमाक्का डोळे मिटून पडली होती. मुलीने तिला टेकवून बसवले, चमचा खालच्या ओठाला टेकवला आणि थांबली. बराच वेळ काही घडले नाही. तिला रडू कोसळले, पण हात तिने हलू दिला नाही. मग सुरकुतलेले ओठ जरासे उघडले आणि गळ्याची घाटी वर जाऊन खाली आली.

दुसऱ्या दिवशी तिने मंडळाला होकार कळवला. तिथल्या पहिल्याच सभेत तिने एका अनुभवी सिस्टरला गाठून विचारले, वाचा गेलेल्या माणसाला गिळायला पुन्हा कसे शिकवतात? विचारताना आपली पिन सरळ लागली आहे की नाही, हे पाहायचे ती विसरून गेली होती.