वेशीबाहेरचा कोरडा शिधा

खूप मागची गोष्ट आहे, आपल्या पणजीच्या पणजीनेही नुसती ऐकलेली. दोन राजांमध्ये लढाई पेटली. त्यात एका बाईचं घर जळालं, नवरा गेला. दोन वर्षांच्या लेकीला कडेवर घेऊन ती नेसत्या लुगड्यानिशी चालत सुटली. सातव्या दिवशी तिला एक गाव लागलं.

गाव मायाळू होतं, बरं का. पण गावाची एक रीत होती. वेशीबाहेरच्या माणसाला कोरडा शिधाच द्यायचा. चुलीवरचं अन्न नाही, दूधदुभतं नाही, आणि भांडं तर मुळीच नाही. भांडं वेशीबाहेर गेलं की घरची बरकत जाते, असं सगळे मानत.

बाई वेशीबाहेर झाडाखाली बसली. घराघरातून बाया आल्या. कुणी ओंजळभर ज्वारी ओतली, कुणी सूपभर. मोठा ढीग झाला.

त्या बायांत गावच्या पाटलीणबाईही होत्या. बाई त्यांच्या पाया पडली. "आई, अंगावरचं दूध आटलंय. एक गाडगं तेवढं द्या. पेज करून पाजते पोरीला."

"अगं, गाडगं कसं देऊ? ज्वारी आणखी हवी तर माग, लाजू नकोस."

मागून एकजण म्हणाली, "एवढा ढीग घातला पुढ्यात, तरी हिचं रडगाणं आहेच! तिकडे काय राणी होतीस का गं?"

बाया हसल्या आणि आपापल्या घरी गेल्या.

बाईने ज्वारी दगडाने ठेचली. स्वतः चावून, मऊ करून लेकीच्या तोंडात घातली. पोरीने ती थुंकून टाकली. दुसऱ्या दिवशी पोर नुसती रडली. तिसऱ्या दिवशी रडायचीही थांबली.

"रड गं, बाळा. रड की," आई तिला हलवून हलवून म्हणत होती.

पाटलीणबाई आणखी एक सूप ज्वारी घेऊन आल्या होत्या. त्यांनी ते ऐकलं. त्या तशाच घरी पळाल्या. पेज शिजवली, आणि रीत मोडून गाडगं घेऊन वेशीबाहेर आल्या.

बाई दगडाने माती उकरत होती. पोर पदराखाली झाकलेली होती.

"अगं, पेज आणलीय. ऊन ऊन आहे."

बाईने वरही पाहिलं नाही. "आता कुणाला पाजू, आई?"

गाडगं वेशीबाहेर गेलं, पण गावात कुणाच्याच घरची बरकत गेली नाही. गेली ती एक पोर, धान्याच्या ढिगाशेजारी उपाशी.

म्हणून सांगते, आसऱ्याला आलेल्याला आपल्या रीतीत बसेल तेवढंच देऊ नये. त्याचा जीव वाचेल ते द्यावं, आणि वेळेत द्यावं.