चिमाबाईचा संध्याकाळचा फेरा

लहानांनो, मोठ्यांनो, जरा जवळ सरका. ही गोष्ट खूप जुन्या काळची. तेव्हा नदीच्या वळणावर एक छोटंसं गाव होतं आणि त्या गावात चिमाबाई नावाची एक बाई राहायची.

चिमाबाई गोधड्या शिवायची. सकाळी सुई हातात घेतली की दिवस मावळेपर्यंत ती जागची हलत नसे. तिचा नवरा विणकर. मूलबाळ नव्हतं. घरात तिसरा जीव म्हणजे भुंग्या नावाचा काळा कुत्रा.

रोज उन्हं कलली की नवरा माग थांबवायचा, भुंग्याला हाक मारायचा आणि दारात उभा राहून विचारायचा, "येतेस का गं? जरा गावातून फिरून येऊ."

"काय ठेवलंय गावात? रोज तीच घरं आणि तीच माणसं," चिमाबाई मान वर न करता म्हणायची. "तुम्ही या जाऊन."

नवरा हसायचा आणि निघायचा. असं कितीतरी वर्षं चाललं. मग एका हिवाळ्यात त्याला ताप भरला, आणि त्या तापातून तो उठला नाही.

माणसं आली, बसली, गेली. मग घर असं शांत झालं की कापडातून दोरा ओढल्याचा आवाजही ऐकू यायचा. चिमाबाई शिवत राहिली. दोघांपुरत्या भाकरी थापायची सवय काही सुटेना.

भुंग्या मात्र उन्हं कलली की दाराशी जाऊन बसायचा. आधी चिमाबाईच्या तोंडाकडे बघायचा, मग रस्त्याकडे.

"नाही रे येणार ते आता," ती म्हणायची.

कुत्र्याला ते कसं कळावं? हळूहळू त्याने अन्न टाकलं. एका दुपारी तिने दूधभाकरी कुस्करून पुढे ठेवली, तर त्याने नुसती मान फिरवली. त्याच्या बरगड्या दिसायला लागल्या होत्या. चिमाबाईच्या मनात आलं, हाही गेला तर या घरात श्वास घेणारं दुसरं कोण उरणार?

तिने सुई गोधडीत खोचली. पदर सावरला. "चल बाबा," ती म्हणाली, "कुठे जायचंय ते दाखव."

भुंग्या उठला. अंगात त्राण नव्हतं, तरी वाट त्याला पाठ होती. आधी तो तेल्याच्या घाण्यापाशी थांबला. घाण्याच्या बैलाने मान पुढे केली आणि तशीच धरून ठेवली.

"गळ्याखाली खाजवा, वहिनी," तेली म्हणाला. "दादा रोज खाजवायचे. अजून वाट बघतो तो त्यांची."

चिमाबाईने हात पुढे केला. बैलाची कातडी मऊ आणि उबदार होती. त्याने सुखाने डोळे मिटले.

पुढे एका ओट्यावर आंधळी म्हातारी बसली होती. भुंग्याच्या पायांची चाहूल लागताच तिने सवयीने विचारलं, "आज आभाळ कसं आहे रे?"

चिमाबाई गोंधळली. तिने वर पाहिलं. किती दिवसांनी पाहत होती कोण जाणे. "केशरी आहे, आजी," ती म्हणाली. "कडेला थोडं जांभळं. आणि बगळे घरी चाललेत."

म्हातारीने आवाजाच्या दिशेने मान वळवली. "तू त्याची बायको ना? रोज म्हणायचा, उद्या तिलाही घेऊन येतो."

चिमाबाईने म्हातारीचा हात क्षणभर धरला आणि ती भुंग्यामागे निघाली.

शेवटी भुंग्या नदीकाठच्या एका सपाट दगडाशी जाऊन बसला. तिथे कोणी नव्हतं. पाणी वाहत होतं, वारा होता. दगड दोघांना पुरेल एवढा रुंद होता. चिमाबाई त्यावर बसली आणि नवरा गेल्यापासून पहिल्यांदा मोकळी रडली. इतकी वर्षं तो इथे एकटा बसला आणि ती घरात एकटी बसली. दोघांना शेजारी बसता आलं असतं. ते आता कधीच होणार नव्हतं.

घरी परतली तेव्हा तिचे पाय दुखत होते आणि सपाटून भूक लागली होती. भुंग्याने वाडगं चाटून पुसून साफ केलं. तीही पोटभर जेवली.

त्यानंतर तिचा फेरा कधी चुकला नाही. परतल्यावर घर रिकामंच असायचं, ते दुःख काही गेलं नाही. पण दिवसभरात वाट बघावी अशी एक वेळ तिला मिळाली.

वर्षं गेली. भुंग्या म्हातारा झाला, त्याचे मागचे पाय लुळे पडले. आता चिमाबाई एकटीच जायची. आली की त्याच्या शेजारी जमिनीवर बसायची आणि सांगायची, "कुंभाराच्या शेळीला दोन करडं झालीत बरं का. एक अगदी तुझ्यासारखं काळं."

भुंग्या मान उचलून तिची धुळीने भरलेली पावलं सावकाश हुंगायचा. बोटं, तळवे, टाचा. सगळं गाव त्याला तिथे सापडायचं. मग त्याची शेपटी जमिनीवर हळूच आपटायची. त्याचं पुरतं हुंगून होईपर्यंत चिमाबाई पाय हलवायची नाही.

तात्पर्य: लहान सुखं दारापासून चार पावलांवरच असतात, कुणी बोलावतंय तोवर उठून त्यांच्याकडे जावं.