पाटाईला पाण्यावरून नमस्कार नाही

पळसतोंडीच्या तलावावर गळ टाकायला येणाऱ्या पाहुण्याला डोंग्यात बसवताना तिथले मासेमार ढीवर नावाडी एकच गोष्ट बजावतात. डोंगा काठ सोडून जरा आत गेला की समोर पाटाईची टेकडी उभी राहते. देवळाचा पांढरा ठिपका दिसतो आणि भल्याभल्यांचे हात आपोआप जोडले जातात. तेवढ्यात मागून आवाज येतो, "हात खाली घ्या जी! नमस्कार काठावर. पाण्यावर नाही."

पाहुणे हसतात, कुणी रागावतातही. एका बाईंनी विचारले होते, "अहो, पण देवी कोपली तर?"

"देवीचं आम्ही पाहून घेऊ जी," म्हातारे मंसाराम नान्हे म्हणाले, "तुम्ही गळाकडे पाहा. मासा मघाच दाणे खाऊन गेला."

मंसारामजी पाहुण्यांना जी हकिकत सांगतात, ती अशी. तिच्यात खरे किती आणि पिढ्यांनी भर घातलेले किती, हे सांगणे कठीण आहे. दुसऱ्या काठावरचे लोक ती थोडी निराळी सांगतात. पण मूळ दोन्हीकडे एकच आहे.

फार पूर्वी, तलाव बांधून फार काळ लोटला नव्हता तेव्हा, इथे गोमा नावाचा ढीवर राहत असे. जमीनदाराकडे येणाऱ्या पाहुण्यांना डोंग्यातून गळाला नेणे हे त्याचे काम. कुठे रोहू लागेल, कुठे मरळ, हे त्याला पाण्याच्या रंगावरून कळे म्हणे. सगळीकडे तो पाहुण्यांना नेई. एक जागा मात्र सोडून.

त्या जागेला ढीवर लोक माशांचे माहेर म्हणत. उन्हाळ्यात तलाव आटू लागला की पोटात अंडी घेतलेल्या माद्या तिथल्या खोल, थंड पाण्यात जाऊन राहत. पावसाळा लागला की तिथूनच सगळ्या तलावाला पिल्लावळ मिळे. त्या पाण्यात कुणी जाळे टाकत नसे, गळही नाही. माहेरी आलेल्या लेकीला कुणी कामाला जुंपते का? आणि बाहेरच्याला ती जागा कुणी दाखवत नसे.

गोमाच्या पाहुण्यांत दलपत नावाचा एक होता. कुणी सांगतात तो जमीनदाराचा भाचा, कुणी म्हणतात दिवाणाचा भाऊ. दरसाल उन्हाळ्यात तो येई, गोमाच्या डोंग्यात बसे, गोमाच्या शिदोरीतला भात खाई. एके वर्षी गोमाला तापाने घेरले, तेव्हा दलपताने स्वतः वैद्य आणला आणि तो बरा होईतो गाव सोडले नाही. मग दोघांनी देवीसमोर एकमेकांना नारळ दिले आणि ते मितान झाले. मितान म्हणजे रक्ताविना भाऊ. त्याचे नाव घ्यायचे नाही, मितान म्हणूनच हाक मारायची.

एका उन्हाळ्यात दलपत म्हणाला, "मितान, सगळा तलाव दाखवलास. माहेर नाही दाखवलंस."

"ते नाही दाखवत."

"भावालाही नाही? बघ, गळ इथेच ठेवतो. रिकाम्या हाताने येतो. नुसतं पाहायचं आहे."

गोमाची बायको भागरता चुलीपाशी होती. ती म्हणाली, "मितान काठावरचा, काठावरच बरा. पाण्यातलं त्याला कशाला?"

गोमाला ते लागले. ज्याने आपला जीव वाचवला त्याच्यापासून काय लपवायचे? त्याने डोंगा काढला.

पाणी त्या दिवशी काचेसारखे होते म्हणे. खाली रोहू लाकडे रचावीत तसे एकाशेजारी एक निजलेले, कल्ले तेवढे हलत होते. दलपत बराच वेळ वाकून पाहत राहिला. मग त्याने मान वर केली, पाटाईच्या टेकडीकडे तोंड केले आणि दोन्ही हात जोडून डोळ्यांसमोर धरले. वळून दुसऱ्या काठाकडेही तसेच हात जोडले. गोमाचे डोळे भरून आले. घरी येऊन तो भागरतेला म्हणाला, "तू उगाच बोललीस. देवमाणूस आहे तो. देवीला नमस्कार केला त्यानं, तलावालाही केला."

पुढे मृगाच्या तोंडावर दलपताच्या घरी लग्न निघाले. पलीकडच्या गावात. सगळ्या ढीवरवाड्याला आवतण होते. काठावर राखणीला कुणी उरले नाही. दलपताने गोमाला आपल्या शेजारी बसवून घेतले आणि पानावर माशाचा रस्सा स्वतःच्या हाताने वाढला.

गोमाने घास मोडला. तुकड्यात गाभोळी होती, मादीच्या पोटातली अंडी, पिवळीधमक, भरगच्च. त्याने शेजारच्या पानात पाहिले. तिथेही गाभोळी. सगळ्या पंगतीत गाभोळी.

"मितान, हा मासा कुठला?"

"तुमच्याच तलावातला. खा."

"कुठून काढला?"

"तू दाखवलंस तिथूनच. सकाळी माणसं धाडली होती. एवढा मासा नुसता पडून होता तिथे. तुम्ही त्याचं करत तरी काय होता?"

गोमाने हातातला घास पानात ठेवला. म्हणाला, "पण तू तर हात जोडलेस. पाटाईला."

दलपत मोकळेपणाने हसला. त्यात कपट नव्हते, हेच गोमाला पुढे जन्मभर सलत राहिले. "पाटाईला? अरे, जागा पुन्हा सापडावी म्हणून टेकडीची खाच अन् मागचं मोहाचं झाड एका रेघेत धरत होतो. पलीकडे सिंदीची दोन झाडं. दोन रेघा मिळतात तिथं माहेर! हात असे धरले की नेम चुकत नाही. थांब, तुझ्यासाठी मोठं डोकं काढून ठेवलंय."

गोमा पानावरून उठला. अन्न टाकून उठणे हा केवढा अपमान, हे पंगतीला ठाऊक होते. तो चालत तलावावर आला तेव्हा माहेरावर घारी फिरत होत्या.

त्या पावसाळ्यात तलावात पिल्लू दिसले नाही. पुढच्याही नाही. ढीवरवाड्यातली घरे एकेक करून नदीकाठी निघून गेली. गोमा राहिला. दूरच्या तळ्यांतून तो मडक्यात माशांची पिल्ले आणी. वाटेत ती गुदमरू नयेत म्हणून चालताना हाताने पाणी हलवत राही. तो हात त्याने पुन्हा कधी जोडला नाही, असे सांगतात. देवळात जाई, पण पायरीवर नुसते कपाळ टेकवी.

किती वर्षे गेली कोण जाणे. एके दुपारी म्हातारा गोमा डोंग्यात होता आणि खाली पाणी काळे झाले. त्याने वाकून पाहिले. रोहू. एकाशेजारी एक, निजलेले. जुन्या जागी नव्हे. माशांनी नवे माहेर धरले होते, कुणाला न सांगता.

गोमाने मान वर केली नाही. आपण कुठे आहोत हे त्याला कळायला नको होते. ठाऊक असले तर एखाद्या दिवशी, कुणाच्या तरी प्रेमापोटी, आपण दाखवू. त्याने वल्हे आत घेतले, डोळे घट्ट मिटले आणि डोंगा वाऱ्यावर सोडून दिला. तो कुठल्या काठाला लागला, हे त्याने भागरतेलाही सांगितले नाही.

आजही पळसतोंडीच्या तलावावर खाली पाणी काळे दिसले की चालता डोंगा मध्येच थांबतो. नावाडी वल्हे आत घेतो आणि डोळे मिटून बसतो. नवखा पाहुणा घाबरून विचारतो, "काय झालं?" तो म्हणतो, "काही नाही जी. तुम्हीही मिटा." मग दोघे तसेच बसून राहतात, वारा नेईल तिकडे, डोंग्याचे नाक चिखलात रुतेपर्यंत.