उरकुड्याची हाक

पाळीवर, म्हणजे तळ्याच्या ह्या बांधावर, चिंचेच्या उजव्या अंगाला, ती दगडी ओटी दिसते नं, तिच्यावर कुणी बसू नका. देवाचं ठिकाण नाही ते, चपला घालून गेलात तरी चालेल. फक्त बसू नका, ती उभं राहायची जागा आहे. आणि तंबू लावून झाले असतील तर जरा इकडे या सगळे. तो गाण्यांचा डबा बंद करा, बाप्पा. दिवस मावळायला अर्धा-पाऊण तास आहे, तेवढ्यात मला सांगून संपवायचं आहे.

मी महागू, ह्या तळ्याचा पाणकर. शेतांना पाणी सोडायचं नि बंद करायचं, हे काम पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घराकडे आहे. इथे तंबूंची जागा झाली तेव्हापासून पाहुण्यांना तळं दाखवणंही माझ्याच गळ्यात पडलं. होडी कुठून मिळते, पक्षी कुठे बसतात, अस्वल येतं का, ते सगळं उद्या सकाळी विचारा. आज एकच काम. दिवस मावळताना मी त्या ओटीवरून तीन हाका देईन. प्रत्येक हाकेला तुम्ही प्रत्येकानं 'ऐकलं' म्हणायचं. एकानं सगळ्यांच्या वतीनं म्हटलेलं चालत नाही. मागे एक साहेब म्हणाले, आम्ही शांततेसाठी आलो आहोत, ओरडायला नाही. म्हटलं, बरं जी. मग मी तिथेच उभा राहिलो. पाय दुखायला लागले, पण राहिलो. शेवटी त्यांच्या बायकोनं त्यांना कोपर मारलं तेव्हा म्हणाले.

हे कशासाठी, ते माझ्या आज्यानं मला सांगितलं, त्याला त्याच्या आज्यानं. किती वर्षं झाली ते कुणालाच ठाऊक नाही.

पाळीपासून वीसेक हात आत पाण्यात तो दगडांचा बुरूज उभा आहे, त्याला आम्ही तुडूम म्हणतो. त्याला एकाखाली एक भोकं आहेत आणि भोकांत लाकडाचे गुट्टे ठोकलेले आहेत. धानाला पाणी पाहिजे असलं की पाळीवरून दोर ओढून गुट्टा काढायचा. मग पाणी त्या भोकातून, पाळीच्या पोटातून, शेतांकडे धावतं. वरून पाहाल तर तळं जसंच्या तसं, लाटही दिसत नाही. पण त्या वेळी तुडुमाजवळ कुणी पाण्यात असला तर बैलजोडीनं ओढावं तसा ओढला जातो. म्हणून आमच्या कोहळी लोकांनी हे तळं बांधलं तेव्हाच नेम घातला होता, की पाणकरानं आधी तीन हाका द्यायच्या, 'पाणी सोडतोऽ' म्हणून, आणि मगच दोराला हात लावायचा. उत्तर देण्याचा नेम तेव्हा नव्हता. हाक दिली की पाणकर सुटला.

त्या काळी उरकुडा नावाचा पाणकर होता. आमच्याच घराण्यातला, लपवून काय करू. त्याची हाक तीन गावांना ऐकू जायची म्हणे. शेतातल्या बाया त्या हाकेवर भाकरी सोडायला बसायच्या. माणूस सरळ, कधी खोटं बोलला नाही, कुणाच्या बांधाचं ओंजळभर पाणी इकडचं तिकडे केलं नाही. एकच होतं, त्याला त्या आवाजाचा भारी अभिमान. दुसरं काही त्याच्याजवळ नव्हतंच म्हणा.

एका कार्तिकात डोंगरापल्याडची काही घरं आवळीभोजनाला इथे आली. तुमच्यासारखीच हौशी मंडळी. ह्याच झाडांखाली तीन दिवसांचा मुक्काम टाकला. आवळीच्या बुडाशी पूजा करायची, पानगे भाजायचे, पोहायचं, झाडाखाली झोपा काढायच्या. त्यांच्यात भागरथा नावाची एक विधवा बाई होती आणि तिचा एकुलता एक मुलगा हिरामण. वीस-बावीस वर्षांचा असेल. देखणा, आणि नकला करण्यात असा तरबेज की म्हशींनीही वळून पाहावं.

पहिल्या दिवशी उरकुड्यानं हाक दिली आणि इकडून हुबेहूब तीच हाक परत आली. जंगलाचा घुमारा असेल असं त्याला वाटलं. त्यानं दुसरी दिली. ती परत आली, आणि तिच्या मागून बायकांचं हसणं. मग त्याला कळलं. दुसऱ्या दिवशी तर कहरच झाला. हिरामणनं कमरेवर हात ठेवून, पोट पुढे काढून, उरकुडा कसा उभा राहतो तेही करून दाखवलं. पाहुणे हसले, आणि पाळीवर उभी असलेली आपल्या गावची माणसंही हसली. त्या पोराच्या मनात वाईट काही नव्हतं. संध्याकाळी तो उरकुड्याच्या घरी पानगे घेऊन गेला होता असंही सांगतात. उरकुड्यानं ते घेतले नाहीत, आत निघून गेला.

तिसऱ्या दिवशी दुपारी जड, म्हणजे उशिरा पिकणाऱ्या, धानाला शेवटचं पाणी द्यायचं होतं. उरकुडा ओटीवर उभा राहिला. इकडे भागरथा चुलीपाशी होती, बाया गप्पांत होत्या. आता हाक दिली की पुन्हा तेच होणार, हे त्याच्या मनात आलं. त्यानं हाक दिली. तिन्ही दिल्या. पण तोंडातल्या तोंडात दिल्या, शेजारी उभ्या माणसालाही कळू नये अशा. नेम मोडायचा नव्हता आणि हसूही करून घ्यायचं नव्हतं. तीन हाका मोजून त्यानं दोर ओढला.

हिरामण तेव्हा तुडुमाच्या पलीकडच्या अंगाला होता. आईला पूजेसाठी कमळं पाहिजे होती, ती काढत होता. पाळीवरून तो दिसत नव्हता. कमळं तरंगत वर आली तेव्हा लोकांना समजलं.

गाव जमलं. जाणत्या माणसांनी उरकुड्याला विचारलं, हाका दिल्या होत्या का? तो म्हणाला, दिल्या, तीन. त्याच्या शब्दावर शंका घेणारं कुणी नव्हतं; हाक रोजचीच, त्या दिवशी ऐकली की नाही ते कुणालाच नीट आठवेना. मग लोक आपसांत बोलू लागले की पोरगा थट्टेखोरच होता, ऐकूनही मुद्दाम पाण्यात थांबला असेल. मेलेल्या पोराच्या अंगावर त्याचंच मरण टाकून मोकळे झाले. उरकुडा ते ऐकत उभा होता. एक शब्द बोलला असता तर पुरे होतं, पण त्याच्या तोंडून तो शब्द निघाला नाही.

भागरथा मात्र म्हणाली, माझा पोरगा तसा नव्हता, मी आवाज दिला असता तर आला असता. मलाच हाक ऐकू आली नाही. मी चुलीशी बडबडत बसले, माझेच कान फुटले. तिनं सगळा दोष स्वतःच्या कानांवर घेतला आणि तो घेऊन आपल्या गावी गेली.

पुढच्या कार्तिकात ती एकटी आली. जिथे चूल मांडली होती तिथेच, बरोबर तिथेच, येऊन बसली. गावातल्या एकाला म्हणाली, दादा, पाळीवर जाऊन एक हाक द्या नं. त्यानं दिली. तिला ऐकू आली, आणि ती ऊर बडवून रडली. म्हणाली, आज येते ऐकू, मग त्या दिवशी काहून नाही आली? दरवर्षी तिचं हेच. दोन दिवसांची वाट चालून यायची, कुणाला तरी हाक द्यायला लावायची, ऐकायची, रडायची, उठून जायची. लोकांना तिची कीव यायची. बाया तिला जेवायला घालायच्या. लोक उरकुड्याला म्हणायचे, अरे, तूच दे नं एकदा हाक तिला. तो काही ना काही निमित्त सांगून टाळायचा. ती यायची असली की तो दोन दिवस रानात निघून जायचा. घरात जेवेना, बायकोशी बोलेना. रोजची हाक मात्र आता पहिल्यापेक्षाही मोठ्यानं द्यायचा. गाव म्हणायचं, पाहा, किती काळजी घेतो बिचारा. ते कौतुक त्याला जास्त लागायचं. माझा आजा हे सांगताना खाली पाहायचा. आपल्या घरातलं पाप सांगायचं म्हणजे सोपं नसतं, मलाही अजून जड जातं.

पाचव्या वर्षी ती स्वतःच त्याच्या दारात उभी राहिली. रानात जायला त्याला वेळच सापडला नाही. ती म्हणाली, "दुसऱ्याच्या हाकेनं मला कळत नाही, भाऊ. त्या दिवशी तुम्ही दिली होती, तशीच द्या. तेवढी मला ऐकू आली नाही, तर मी समजेन की माझे कान तेवढ्यालाच कच्चे आहेत. मग पुन्हा येणार नाही."

तो तिच्यामागून चालत पाळीवर आला. ती खाली चुलीच्या जागी जाऊन बसली आणि मान तिरकी करून कान पाळीकडे केला. गावातले चारदोन लोक बघायला उभे होते. उरकुडा ओटीवर उभा राहिला. बराच वेळ झाला. भागरथा वाट पाहत होती, लोक वाट पाहत होते. शेवटी तिनंच खालून विचारलं, "कधी देता, भाऊ?"

उरकुडा म्हणाला, "दिल्या. तिन्ही दिल्या. त्या दिवशी अशाच दिल्या होत्या."

आधी तिला समजलंच नाही म्हणे. मग समजलं. ती उठली, चढण चढून त्याच्यासमोर आली. लोकांना वाटलं, आता ही मारते किंवा स्वतः पाण्यात उडी घेते. तिनं फक्त विचारलं की काहून असं केलं. त्यानं सांगितलं, पोरगा माझी नक्कल करायचा, लोक हसायचे, मला राग आला होता. ते सांगताना त्याला स्वतःलाच ते कारण किती एवढंसं वाटलं असेल, विचार करा. आपण वाईट करावं म्हणून केलं नाही, असंही तो म्हणाला नाही. त्या वेळी मनात काय होतं ते त्यालाच आठवेना, की आठवायची हिंमत होईना, कोण जाणे.

भागरथा म्हणाली, "पाच वर्षं मी माझ्या कानांना शाप दिले."

तो तिच्या पाया पडायला वाकला तर ती मागे सरली. माफ केलं असं ती म्हणाली नाही. काही लोक गोष्ट गोड करायला सांगतात की तिनं त्याला भाऊ मानून ओवाळलं. खोटं आहे ते. मी तसं सांगत नाही. ती एवढंच म्हणाली की आता मोठ्यानं द्या. आणि परत खाली जाऊन बसली.

उरकुड्यानं तोंड उघडलं तर आवाज निघेना. ज्या गळ्यातली हाक तीन गावांना ऐकू जायची त्यातून नुसता वारा. दुपार गेली. ती हलली नाही, तोही हलला नाही. बघणाऱ्यांपैकी काहींना बघवेना, ते घरी निघून गेले. दिवस मावळायला टेकला तेव्हा कुठे पहिली हाक बाहेर पडली, फाटकी, रडल्यासारखी, पण पडली. पलीकडच्या डोंगरापर्यंत गेली. खालून भागरथा म्हणाली, "ऐकलं." दुसरी दिली, तिला ऐकलं म्हणाली. तिसरीलाही म्हणाली. मग पदर खोचला आणि वाटेला लागली. ती त्यानंतर कधी आली नाही.

दुसऱ्या दिवशी उरकुड्यानं गाव बोलावून सगळ्यांसमोर सगळं कबूल केलं. लोकांनाही खाली पाहावं लागलं, कारण हिरामणला नावं ठेवणारे तेच होते आणि त्याच्या नकलेला हसणारेही तेच होते. तेव्हा नेम बदलला. हाक दिली एवढ्यावर पाणकर सुटत नाही. काठावरचं प्रत्येक माणूस ऐकलं म्हणेपर्यंत ती हाक दिलीच नाही असं धरायचं, आणि दोराला हात लावायचा नाही. आणि काठावर कुणी मुक्कामाला असलं तर पाणी सोडायचं असो वा नसो, दिवस मावळताना हाक द्यायचीच. उरकुड्याची समाधी बांधू असं गावानं पुढे म्हटलं तर मरताना तो नको म्हणून गेला. म्हणून त्या ओटीला शेंदूर नाही, नारळ नाही.

मी स्वतः एकदा चुकलो आहे, तेही सांगतो. चार वर्षांमागे अंगात ताप होता, थंडी वाजत होती, काठावर दोनच तंबू होते. मी खाटेवरूनच, पांघरुणातून, हाक दिल्यासारखं केलं. काही झालं नाही. सकाळी ती माणसं हसतखेळत चहा पीत होती, मला पण दिला. मी कप तसाच खाली ठेवला. त्यांनी काय झालं म्हणून विचारलं, मी ताप आहे म्हटलं. हे मी आजवर घरी सांगितलेलं नाही. तुम्ही उद्या निघून जाल, म्हणून तुम्हाला सांगितलं.

आजही तळ्यावर जो कुणी मुक्काम करतो त्याला हे पाळावं लागतं. मला मोठ्या आवाजाचं यंत्र आणून दिलं होतं एका भल्या माणसानं, ते घरात पडून आहे. चला, वेळ झाली. मी पाळीवर चढतो. तुम्ही माझ्यामागे येऊ नका, तुमच्या चुलीपाशीच थांबा. भागरथा तिथेच बसली होती, आणि हाक तिथवर यायला पाहिजे.